नावं संपली की उंबरा

बातमी बरी की वाईट, हे काकी कुठं उभी राहिली त्यावरूनच कळायचं. उंबरा ओलांडून आत आली, चौकटीला हात लावला, की लग्न, बारसं, गोंधळ, नाहीतर देवीचा भंडारा. उंबऱ्याबाहेरच थांबली, पाणी दिलं तर हातानंच नको म्हणाली, की घरातलं माणूस हातातलं काम खाली ठेवून उभं राहायचं. कोण गेलं आणि किती वाजता उचलणार, एवढं सांगून ती पुढच्या दाराला. रडणं ऐकायलासुद्धा थांबायची नाही. अजून घरं राहिलेली असायची.

काकी माझ्या नात्यातली नाही. ओढ्याकाठच्या आमच्या वस्तीत सगळेच तिला काकी म्हणतात, तिच्याहून मोठे सुद्धा. घरोघर आवतण घालायचं काम तिच्या सासरकडे होतं. कुणाच्या घरी हे काम येतं आणि का येतं, यावर मी एकदा रागारागात दोन पानं लिहिली आणि तिला वाचून दाखवली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "सासऱ्याला बळंच करावं लागायचं. न्हाई म्हनायची सोय नव्हती. मला व्हती. मी ठिवलंय." ती दोन पानं मी छापली नाहीत.

छापते मी बाकी पुष्कळ. कॉलेजात असताना पत्रकं लिहायला शिकले. वर काळ्या ठळक अक्षरात जाब, मग मागण्या, खाली आवाहन. सगळा राग एका पानात बसला पाहिजे, नाहीतर झेरॉक्सचा खर्च वाढतो. मोर्चे संपले, कॉलेज संपलं, सवय गेली नाही. मग मी आमच्या भागाचं पंधरा दिवसांचं पत्रक सुरू केलं. एक कागद, दोन्ही बाजू. पाण्याचा टँकर कधी येणार, ग्रामसभा कधी आणि तिथं मागच्या वेळी कोणी शब्द फिरवला, कोणत्या वळणावर खडी सांडली आहे, दशक्रिया कुणाची, हरवलेली म्हैस कुणाची. माण आणि महाळुंगेच्या मधल्या या पट्ट्यात बातम्यांना तोटा नाही. खाचरं होती तिथं टॉवर आहेत, गोठे होते तिथं भाड्याच्या खोल्या. त्यातल्या चार आमच्याच. वडील घरमालक झालेत आणि अजूनही पावसाचा अंदाज बघतात.

मी चहाच्या टपरीवर पत्रकं ठेवायचे, डेअरीवर ठेवायचे, सोसायट्यांच्या गेटवर द्यायचे. गेटवरची थेट कचऱ्याच्या डब्यात जायची हे मला ठाऊक होतं. तरी द्यायचे. वाचा किंवा टाका, पण हातात धरून टाका!

काकीला वाचता येत नाही. ती माझ्या पत्रकाला चिठोरं म्हणायची. "पंदरा दिवसांनी सांगतीस व्हय माणूस गेल्यालं? तवर त्येचं तेरावं जेवून समदे मोकळे."

आता वाटेचं सांगते, कारण भांडण तिचंच होतं.

आमच्या वस्तीतून एक पाऊलवाट वर जायची. चढावर वरची आळी, सात घरं. त्यांच्या अंगणांतून वाट पुढं देवीच्या देवळाला, आणि देवळापासून गावात, शाळेत, स्मशानात. चालत गेलं तर दहा मिनिटं. सात घरांनी जमिनी दिल्या आणि ती माणसं हायवेकडेच्या चार मजली इमारतीत राहायला गेली. त्यांच्या जागेवर पत्रे उभे राहिले, पत्र्यांच्या आत टॉवर, आणि शेवटी पत्रे काढून तिथं भिंत. वाट भिंतीच्या आत. आम्ही बाहेर. शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या, तिरडी, सगळं मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाऊ लागलं. त्या रस्त्यावर दिवसभर सिमेंटचे मिक्सर पळतात. गेल्या वर्षी भंडाऱ्याचं आवतण घालायला काकी त्या रस्त्यानं निघाली. अंगाला घासून मिक्सर गेला आणि ती गटारात पडली. मनगट मोडलं. तेव्हापासून तिचं फिरणं बंद, आणि आवतण नाही म्हणून भंडाराही बंद.

मी पौडच्या तहसील कचेरीत अर्ज टाकला. वहिवाटीची वाट अडवली आहे, ती मोकळी करून द्या. पत्रकाचा खास अंक काढला. अक्षरं ठळक, मागण्या पाच. लोकांना नीट कळावं म्हणून नकाशाही काढला, माझ्या हातानं, मोजपट्टी धरून.

तिथंच मी माती खाल्ली.

भिंत झाल्यापासून काही धाडसी माणसं भिंतीच्या बाहेरून, ओढ्याच्या कडेकडेनं, काट्यांतून वर चढायची. मीही तशीच जायचे. नकाशा काढताना मी डोळ्यांपुढं होती ती वाट काढली. ओढ्याची. भिंतीबाहेरची. सोसायटीच्या वकिलानं आपल्या उत्तराला तेच पत्रक टाचणी मारून जोडलं आणि खाली लिहिलं, अर्जदारांच्या स्वतःच्याच प्रकाशनानुसार वाट आमच्या हद्दीबाहेर असून आजही वापरात आहे. ते वाचताना माझे कान तापले. दुसऱ्यांच्या खोट्या कागदांवर मी आजवर इतकं लिहिलं आणि आमच्या वस्तीच्या विरोधातला पहिला पुरावा माझ्याच झेरॉक्सचा! गावच्या जुन्या नकाशात ठिपक्यांची एक रेघ होती, पण ती इतकी बारीक की ओढ्याच्या कडेनं म्हणा किंवा अंगणांतून म्हणा.

पाहणी ठरली. मंडळ अधिकारी स्वतः जागेवर येणार, पंचनामा करणार, त्यावर निकाल. जुन्या वाटेवरून जन्मभर चाललेलं आणि अजून चालू शकणारं माणूस एकच होतं. मी काकीकडे गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"काकी, साहेब येणारेत. तू पुढं चालायचं. कुठनं जायचीस ते दाखवायचं."

"कुनाचं आवतान हाय?"

"कुणाचंच नाही. नुसतं चालून दाखवायचं."

तिनं सूप खाली ठेवलं. "नुसतं चालून मला न्हाई घावायचं."

मला वाटलं म्हातारी घाबरली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा तसाच. मी म्हटलं, मी हात धरीन, घाबरू नको.

"भ्या कशाचं? माजं आयक. मी काय पावलं मोजत न्हाई, आन् डोळ्यानं बी चालत न्हाई. मी पुढच्या घरची माणसं म्हनत जाती. थोरल्यापासनं धरायचं. म्हातारा, म्हातारी, थोरला, त्येची बायकू, पोरं, मग मदला, मग धाकला. कुनाला इसरायचं न्हाई, आवतान समद्यांना असतंय. म्हनत म्हनत चालायचं. नावं संपली की उंबरा."

"म्हण की मग त्या दिवशी."

"आवतान असल्याबिगर तोंडात येत न्हाईत ती. आन् आली तरी? खोटं आवतान घालू व्हय? दारात जाऊन जेवाया या म्हनायचं आन् हितं चूल थंड? तुज्या चिठोऱ्यात चालत आसंल तसलं."

मी खूप वाद घातला. कायदा सांगितला, शेवटची संधी आहे म्हणाले, माझी चूक झाली हेही कबूल केलं. तिचा एकच हेका. आवतण खरं पाहिजे, म्हणजे स्वयंपाक खरा पाहिजे. पाहणी शुक्रवारी होती, देवीचा वार. राहिलेला भंडारा शुक्रवारी घाला, मी चालते.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. भंडाऱ्याच्या आमटीला आजवर त्यांचाच हात. ते हसायलाच लागले. "आयला, मोर्चा काढता काढता पंगत काढलीस की! तांदूळ भिजवायला कुणाला सांगू, कलेक्टरला?" पण दुसऱ्या दिवशी मोठी पातेली घासून उन्हात पालथी पडलेली दिसली. वस्तीतल्या घराघरातून तांदूळ आले, गूळ आला, डाळ आली.

मग आणखी एक ठिणगी. काकी म्हणाली, सात घरांची माणसं आता इमारतीत आहेत, त्यांना तिथं निरोप द्या. "पर त्या जाग्यावर आता जी राहत्यात, त्येंना मी सांगनार."

मी उसळले. "त्यांना? भिंत त्यांनीच घातली! तुझं मनगट त्यांच्यामुळं मोडलं!"

"उंबरा त्येंचा हाय आता."

"मी नाही बोलवायची त्यांना."

"तू कोन बोलावनारी? आवतान मी घालती." मग जरा समजुतीनं म्हणाली, "पोरी, मदलं घर गाळलं का पुढचं घावत न्हाई. तसंच हाय त्ये. मी काय करू?"

शुक्रवारी सकाळी मंडळ अधिकारी आले. गुडघ्याला पट्टा, काखेत फाईल, बरोबर टेप धरायला कोतवाल आणि सहीला गावातले दोन पंच. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या वस्तीत पहिल्यांदाच उतरले होते, पायात पांढरे बूट. माणूस सभ्य होता, हेच जास्त राग आणणारं. "मॅडम, आमचा तुमच्यावर राग नाहीये. इश्यू सिक्युरिटीचा आहे."

मी सुरू झाले. हक्क, वहिवाट, पिढ्यान्‌पिढ्या. साहेबांनी हात वर केला. "ताई, भाषण पंचनाम्यात बसत नाही. चला."

काकीनं चपला काढून माझ्या हातात दिल्या. आवतण घालताना ती अनवाणी असते. वस्तीतल्या शेवटच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभं राहून तिनं खड्या आवाजात सांगितलं, "दुपारी देवळात जेवाया या, चूलबंद आवतान हाय." मग वळली आणि चढाला लागली. ओठ हलत होते. मी शेजारी होते, मला पुटपुट ऐकू येत होती. वरच्या आळीतल्या पहिल्या घराची नावं. चाल ना भरभर ना हळू, एकेका नावाला दोन-दोन पावलं, आणि लहान पोराचं नाव आलं की पाऊलही जरा आखूड पडल्यासारखं.

नावं निम्मी झाली आणि भिंत आली.

काकी थांबली. तळहात भिंतीवर टेकला. मी घाबरून विचारलं, आता? तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं कोतवालाला खूण केली की हितं काहीतरी उभं कर. त्यानं भिंतीच्या वर दिसेल असा बांबू रोवला. आम्ही जीपमध्ये बसलो, कारण आत जायला मोठ्या रस्त्यानंच वळसा. मिक्सर, सिग्नल, ऑफिसच्या बसेस. सेक्रेटरी पुढं बसून काहीतरी विचारत होते. काकीनं ओठ आवळून धरले होते. साहेबांनी विचारलं, "बरं वाटतंय ना आजी?" तिनं नुसती मान हलवली. निम्मं घर तोंडात धरून ती बसली होती. एक शब्द बोलली असती तर सांडलं असतं.

सोसायटीच्या आत, बागेच्या टोकाला, भिंतीवरून बांबूचं टोक दिसत होतं. काकी तिथं गेली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि उरलेली नावं घेत हिरवळीवर चालू लागली.

नावं संपली. ती थांबली. उजव्या पायाची बोटं गवतात रुतवून पाहिली, अर्धं पाऊल सरकली.

"हितं दाराशी उखाळ व्हतं. भात कांडायचं."

साहेबांनी गवताकडं पाहिलं. गवत म्हणजे गवत. सेक्रेटरी म्हणाले, "सर, हे कुणीही कुठंही सांगू शकतं."

तेवढ्यात पाण्याचा पाइप धरून उभा असलेला माळी बोलला, उत्तरेकडचा माणूस. "साहब, यहाँ हर गर्मी में घास जल जाती है. कितना भी पानी दो. नीचे कुछ है."

साहेबांनी खुरपं मागवलं. सेक्रेटरी हिरवळीबद्दल काहीतरी म्हणाले, पण माळ्यानं तोवर खुरपं घातलं होतं. दोन बोटं माती, आणि टक्क. माती बाजूला केली तसा काळा दगड दिसू लागला, मग त्याची गोल कड, मग मधला खोलगट खळगा, मातीनं भरलेला. माळ्यानं हातानं माती उपसली. आत गुळगुळीत, तेल लावल्यासारखं. इतक्या वर्षांच्या मुसळांनी.

मी घोषणा देते, टाळ्या वाजवते, रस्त्यावर बसते. त्या क्षणी मात्र काकीच्या चपला छातीशी धरून उभी राहिले.

काकीला दगडाचं काही अप्रूप नव्हतं. उखळ तिथंच असणार, जाईल कुठं? ती समोरच्या इमारतीकडे तोंड करून ओरडली, "हाय का कुनी घरात?"

पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत कानाला हेडफोन लावलेला माणूस आला. "येस?" मग खाली साहेब, सेक्रेटरी, खणलेली हिरवळ बघून त्यानं हेडफोन गळ्यात घेतला.

"दुपारी देवळात जेवाया या. चूलबंद आवतान हाय."

"म्हणजे... गॅस बंद आहे का आज?"

"बंद न्हाई, तुमी पेटवायचा न्हाई. समद्या घरानं आमच्यात जेवायचं. म्हातारं माणूस हाय का घरात?"

"बाबा आहेत."

"त्येंना हाताला धरून आना."

आणि ती दुसऱ्या घराची नावं घेत निघालीसुद्धा.

दुसरं घर क्लबहाउसच्या पायऱ्यांवर निघालं. तिसऱ्या घराकडे चालताना पोहण्याचा तलाव आला आणि दोन नावं अजून बाकी होती. काकी काठावर उभी राहून ती दोन नावं म्हणाली आणि पाण्याकडे बोट केलं. "उंबरा आत हाय." कोतवालानं टेपचं टोक पाण्यावर धरलं. तलावात एक बाई मुलीला पोहायला शिकवत होती. काकीनं दोघींना आवतण दिलं. मुलीनं पाण्यातून विचारलं, "मी पण?" "तू तर आदी. ओल्या चड्डीनं येऊ नको." माळी हसला, कोतवाल हसला. साहेब लिहीत होते, 'जलतरण तलावाच्या पूर्व काठापासून'. लिहिता लिहिता त्यांचेही खांदे हलले.

चौथ्या घराकडे जाताना मला एक नाव ऐकू आलं आणि मी दचकले. त्या माणसाची दशक्रिया मी माझ्याच पत्रकात छापली होती. पुढचं नाव, तेही गेलेल्याचं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "काकी, ते गेले ना?"

तिनं नाव पुरं केलं, उंबऱ्यावर पोचली, तेव्हा बोलली. "म्हाईत हाय. घरोघर मीच सांगितलं."

"मग त्यांचं नाव कशाला?"

"मेल्यालं गाळलं तर उंबरा अलीकडं येतोय की."

मी पुन्हा चालू लागले, पण माझं लक्ष आता पायांकडं नव्हतं. ही बाई जिवंत माणसांना जेवायला बोलवायला निघालेली होती आणि वाट मेलेल्यांनी धरून ठेवलेली होती. एकही गाळलेला नाही. मी ज्यांना बातमी म्हणत होते, पंधरा दिवसांनी जुनी होऊन चहाच्या बशीखाली जाणारी, ती तिच्याकडे फुटाफुटानं जमिनीवर अंथरलेली होती.

सगळंच सापडलं असं नाही. पाचवं घर जनरेटरच्या खोलीखाली होतं, काँक्रीट. साहेबांनी लिहिलं, खूण आढळली नाही. सहाव्याशीही काही नाही. सेक्रेटरींचा चेहरा जरा खुलला. सातव्या घराची नावं संपली ती वरच्या भिंतीपाशी, कचऱ्याच्या डब्यांजवळ. काकीनं नाकाला पदर लावला आणि पायानं डबा ढकलायला लागली. कोतवालानं डबे बाजूला केले. डबे ठेवायला एक लांब घडीव दगड खाली घातलेला होता, मध्ये झिजून खोल गेलेला. पाय पडून पडून झिजतो तसा.

"ह्यो त्येंचाच उंबरा," काकी म्हणाली. "ह्येच्या आत उभं राहून मी कैक लग्नं सांगितल्यात."

साहेबांनी उखळापासून त्या दगडापर्यंत टेप धरायला लावली, गावचा नकाशा बॉनेटवर पसरला, ठिपक्यांच्या रेघेवर पेन्सिल ठेवली. बराच वेळ पाहून म्हणाले, "हं." सरकारी हं. त्यातून काही काढता येत नाही.

भिंतीच्या त्या वरच्या कोपऱ्यात कचरा बाहेर काढायचं एक लोखंडी दार होतं, कुलूपबंद. त्याच्या पलीकडे दगड फेकला तर पडेल एवढ्या अंतरावर देवीचं देऊळ. वडिलांची आमटी उकळत होती, वास अलीकडे येत होता. आम्ही मात्र देवळात जायला पुन्हा जीपमध्ये बसलो.

मी वडिलांना म्हणाले होते, सोसायटीतलं कुणी येणार नाही, तेवढा भात कमी टाका. त्यांनी ऐकलं नाही. साहेबांना पानावर बसा म्हटलं, तर म्हणाले, "चौकशी चालू असताना मी कुणाकडं जेवत नाही," आणि लिंबाखाली स्वतःचा डबा उघडून बसले. पहिली पंगत वस्तीची आणि इमारतीतून आलेल्या सात घरांची बसली. लापशी वाढत होते तेव्हा भिंतीच्या आतून माणसांचा आवाज येऊ लागला. बराच.

ते खाली उतरले होते. लॅपटॉप मिटून, घरच्या कपड्यांत, पोरं, बायका, गुडघे दुखणारे आईवडील. गेटनं यायचं तर उन्हातून मोठ्या रस्त्याचा वळसा, म्हाताऱ्यांना घेऊन, मिक्सरांमधून. देऊळ तर समोर दिसत होतं. कुणीतरी दार हलवलं. कुणीतरी सेक्रेटरींना हाक मारली, "अहो, किल्ली कुणाकडे आहे? बाबांना एवढं चालवणार का मी?" हेडफोनवाल्याचा आवाज होता तो. मग बराच वेळ नुसती कुजबूज.

कुलूप निघालं. दार करकरलं. सेक्रेटरींनीच उघडलं आणि बाजूला उभे राहिले. झिजलेल्या दगडावरून एकेक माणूस बाहेर आला. हेडफोनवाला वडिलांना हाताला धरून आणत होता, काकीनं सांगितलं होतं तसंच. शेवटी सेक्रेटरी आले. पांढरे बूट देवळाबाहेर काढून पंगतीच्या टोकाला बसले. वडिलांनी त्यांना आमटी वाढली आणि विचारलं, "तिखट चालंल ना?"

लिंबाखाली साहेबांनी डबा मिटला, हात धुतले, फाईल पुन्हा उघडली आणि पंचनाम्याला खाली चार ओळी जोडल्या. मी मान लांब करून वाचल्या. आज दुपारी सामनेवाले यांच्या रहिवाशांनीच सदर ठिकाणाहून पायी येजा केल्याचे समक्ष पाहिले. साहेबांनी पंचांना सही करायला बोलावलं. दोन्ही पंचांची बोटं लापशीनं चिकट होती, त्यामुळं कागदाला डाग पडला. तसाच पौडला गेला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खालच्या भिंतीला दार पाडायचं, वरचं उघडं ठेवायचं, मधली वाट अडवायची नाही. मी पत्रक काढलं. मथळा ठळक होताच. पण खाली मागण्यांच्या जागी माझ्या चुकीच्या नकाशाचा खुलासा छापला आणि सातही उंबरे कुठं होते ते लिहिलं. काकी कुठं उभी राहिली की कसली बातमी, तेही लिहिलं. सोसायटीच्या गेटवर नेहमीसारखीच पत्रकं ठेवली. कचऱ्याच्या डब्यात डोकावून बघायचं मात्र मी टाळलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी मी काकीच्या दारात बसून पंधरवड्याच्या बातम्या तिच्याकडून काढून घेत होते, म्हणजे ती सांगत होती आणि मला शिव्याही देत होती. वाटेवरून कुणीतरी खाली येताना दिसलं. बाल्कनीतला तो माणूस. आज हेडफोन नव्हते. मला वाटलं पत्ता चुकला. तो सरळ काकीच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मी म्हटलं, या ना आत, बसा. त्यानं हातानं नको म्हटलं.

काकीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"कोन?"

"बाबा," तो म्हणाला. "पहाटे. मला... इथं कुणाला सांगायचं असतं ते माहीत नव्हतं. म्हणून तुमच्याकडे आलो."

"कदी उचलायचं?"

"बहीण निघालीये नाशिकहून. अकरा म्हणतायत."

काकीनं चपला काढून उंबऱ्याच्या आत सारल्या. आमच्या वस्तीतली घरं सांगून मग वर जाते म्हणाली, वस्तीतली माणसं येतील, खांद्याला कमी पडायची नाहीत. तो मान हलवून निघाला, तशी तिनं मागून हाक मारली.

"वाईच थांबा. घरातली नावं सांगा. थोरल्यापासनं."

त्यानं गोंधळून माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःचं नाव सांगितलं.

"तुमी कसं थोरलं? वडलांचं घ्या आदी."

"पण बाबा तर..."

"घ्या की," काकी म्हणाली. "त्येंच्यापासनंच धरायचं."

त्यानं वडिलांचं नाव घेतलं. काकीनं ते त्याच्यामागून म्हटलं, एकदा, दोनदा, मग त्याच्या बायकोचं, पोरांचं, पुन्हा वडिलांपासून, जिभेवर बसेपर्यंत. तो उभा राहून सांगत राहिला. मग ती अनवाणी पहिल्या दाराकडे चालू लागली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.